मत्स्यपेटीतील बेडूक आणि मामा तलाव

मृगाचा पाऊस लागला, धानाच्या बांध्यांत पाणी साचले, की भंडारा जिल्ह्यातील आंबागडसारख्या गावांत रात्र बेडकांची होते. तुमसर तालुक्यातील हे गाव सातपुड्याच्या रांगेतील किल्ल्यासाठी ओळखले जाते. इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो उभारला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. अवतीभवतीचा सारा मुलूख तलावांचा आणि बोड्यांचा. म्हणून तो बेडकांचाही. पाऊस लांबला की विदर्भातील खेड्यांत काठीला बेडूक बांधून धोंडी काढण्याची प्रथा आहे. तेवढा एक प्रसंग सोडला, तर बेडूक मुद्दाम घरात आणावा असे या भागात कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही.

शहरांत मात्र येते. शोभिवंत माशांच्या दुकानांत गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांच्या शेजारच्या एखाद्या टाकीत इवलेसे बेडूक पोहताना दिसतात. कधी ते राखाडी-तपकिरी, ठिपकेदार असतात, तर कधी पांढरे, गुलाबी छटेचे आणि लाल डोळ्यांचे. मूल हट्ट धरते, दुकानदार ‘माशांसोबत राहतो, वेगळे काही करावे लागत नाही’ असे सांगतो आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बेडूक घरी येतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत एक तर बेडूक मरतो किंवा त्याच्या टाकीतील मासे एकेक करून नाहीसे होतात. दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच गैरसमजात आहे. पाण्यात राहतो म्हणून बेडकाला मासा समजले जाते.

एका नावाचे दोन प्राणी

मत्स्यपेटीसाठी विकले जाणारे बेडूक बहुतांशी आफ्रिकेतील ‘पायपिडी’ या कुळातील आहेत. या कुळातील बेडकांना जीभ नसते. आपल्याकडचा बेडूक जीभ फेकून किडा टिपतो. हे बेडूक पाण्यातच तोंड उघडून, हातांनी ढकलून भक्ष्य आत घेतात. आयुष्यभर ते पाण्यातच राहतात. माशांना असते तशी पार्श्वरेषेची संवेदना त्यांना प्रौढपणीही असते. पाण्यातील हालचालीची बारीकशी लहरही त्यामुळे त्यांना कळते. नजर मात्र अधू. भक्ष्याचा माग वास आणि स्पर्श यांवरूनच काढावा लागतो.

दुकानांत या कुळातील दोन बेडूक येतात आणि बरेचदा दोघांनाही ‘आफ्रिकन फ्रॉग’ असे एकच नाव दिलेले असते. पहिला बुटका आफ्रिकी बेडूक, शास्त्रीय नाव हायमेनोकायरस. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील उष्ण जंगलांमधील संथ पाण्यात तो राहतो. पूर्ण वाढ झाली तरी तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि नीट सांभाळल्यास पाच वर्षांच्या आसपास जगतो. दुसरा नखवाला आफ्रिकी बेडूक, झेनोपस लेव्हिस. तो दक्षिण आफ्रिकेच्या तुलनेने थंड प्रदेशातला. मादी दहा ते बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते. पंधरा वर्षे जगणे त्याच्यासाठी विशेष मानले जात नाही. दुकानात असताना दोघेही अंगठ्याच्या पेराएवढेच दिसतात आणि फसगत होते ती येथेच.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पुढच्या पायांकडे, म्हणजे ‘हातां’कडे पाहावे. बुटक्या बेडकाच्या हाताच्या बोटांमध्येही पातळ पडदा असतो. नखवाल्याची हाताची बोटे सुटी, मोकळी असतात. पडदा फक्त मागच्या पायांना. बुटक्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, तर नखवाल्याचे वर आकाशाकडे रोखलेले. पांढऱ्या रंगाचे पिल्लू समोर आले, तर ते नखवाल्याचेच समजून चालावे. अंगाचा रंग उडालेले बुटके बेडूक बाजारात जवळजवळ येतच नाहीत. ‘छोटाच राहतो’ या आश्वासनावर जो पांढरा बेडूक खरेदी केला जातो, तो वर्षभरात मुठीएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. गप्पी, निऑन टेट्रा, लहान गोल्डफिश आणि प्रसंगी त्याच्याहून लहान असलेला भाऊबंदही!

हा नखवाला बेडूक जगभर पसरला, त्यामागे एक वेगळीच हकिकत आहे. १९३० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे काम करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांच्या संशोधनातून या बेडकाचा एक गुण पुढे आला. गर्भवती स्त्रीच्या मूत्राचा अंश मादी बेडकाला टोचल्यास ती काही तासांत अंडी घालते. गर्भधारणेची ही खात्रीची चाचणी ठरली. १९६० च्या दशकात रासायनिक चाचण्या येईपर्यंत अनेक देशांतील रुग्णालये आणि प्रयोगशाळांसाठी हे बेडूक हजारोंच्या संख्येने निर्यात होत राहिले. प्रयोगशाळेत त्याचा मुक्काम नंतरही हलला नाही. याच बेडकाच्या आतड्यातील पेशींच्या केंद्रकापासून नवा जीव घडवणारे जॉन गर्डन यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या पिढीतील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बेडूक आठवतो तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचलेला. त्याचा हा आफ्रिकी भाऊबंद त्या मानाने नशीबवान म्हणायचा.

पाणी नजरेला नव्हे, कातडीला कळते

आंबागडच्या किल्ल्याविषयी इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये एक भयंकर नोंद आहे. कैद्यांना किल्ल्यातील आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पाजून त्यांचा अंत घडवला जाई, असे सांगितले जाते. घरातील मत्स्यपेटीचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले, तरी ते आतील जिवाला त्या विहिरीइतकेच घातक असू शकते. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, ते कातडीतून शोषतो. श्वासाचा काही भागही कातडीतूनच चालतो. त्यामुळे पाण्यात जे विरघळलेले असेल, ते थेट त्याच्या शरीरात जाते.

यातील पहिला शत्रू अमोनिया. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून तो तयार होतो. दिसत नाही आणि सुरुवातीला त्याचा वासही येत नाही. टाकीतील वाळू आणि फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी घ्यायची, दुपारी पाणी भरायचे आणि संध्याकाळी बेडूक सोडायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे त्या प्राण्याला विषात सोडण्याचाच प्रकार होय. टाकी रिकामी चालवावी, चिमूटभर माशांचे खाद्य टाकून जिवाणूंना पोसावे आणि तपासणीच्या संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच प्राणी आणावा. एखाद्या ओळखीच्या हौशी माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो.

दुसरा शत्रू नळातून येतो. महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन माणसाला वाचवतो, बेडकाची कातडी मात्र जाळतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. पण क्लोरामिन वापरलेले असेल तर ते असे जात नाही. दुकानात ‘अँटिक्लोरीन’ या नावाने मिळणारे थेंब मोजून टाकणे हाच खात्रीचा उपाय. शुद्धीकरण यंत्राचे पाणी एकट्याने वापरू नये, कारण त्यात क्षार उरत नाहीत. आणि मराठी घरांत हमखास आढळणारी एक गोष्ट आवर्जून टाळावी. तांब्याच्या कळशीत किंवा पिंपात ठेवलेले पाणी बेडकाच्या टाकीत कधीही ओतू नये. माणसाच्या प्रकृतीला ते मानवते की नाही, हा वादाचा विषय असू शकेल. उभयचरांना तांबे विषारी आहे, यात मात्र वाद नाही.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे पुरेसे असते. सगळे पाणी एकदम काढून टाकी साबणाने घासून लख्ख करण्याचा उत्साह मात्र आवरावा. त्यात जिवाणूंची वसाहत नष्ट होते आणि अमोनियाचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच.

टाकी किती मोठी हवी? बुटक्या बेडकांच्या जोडीला २० लिटर पाणी किमान मानावे. चार असतील तर ४०. ते एकटे ठेवू नयेत. सोबत असली की ते अधिक निर्धास्त राहतात. टाकी उंच नव्हे, पसरट असावी. हे बेडूक फुप्फुसाने श्वास घेतात आणि दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली जातात. दोन फूट उंचीच्या शोभेच्या टाकीत या वाऱ्या करून हा नखाएवढा प्राणी थकतो. पाण्याची खोली एक ते दीड फुटाच्या आत ठेवावी. झाकण घट्ट हवे. पण झाकण आणि पाणी यांच्यामध्ये काही बोटे हवा राहिली पाहिजे. झाकण नसेल तर तो एखाद्या रात्री बाहेर पडतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. पाण्याचा जोरदार प्रवाह त्याला सोसत नाही, म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर उत्तम. तळाला रंगीत बारीक खडी घालू नये. खाद्यासोबत खडा गिळला गेला तर तो आतड्यात अडकतो. बारीक वाळू किंवा गिळता न येणारे मोठे गुळगुळीत दगड ठेवावेत आणि लपण्यासाठी न रंगवलेल्या मातीच्या मडक्याचा अर्धा भाग उपडा घालावा.

नखवाल्या बेडकाचा संसार मोठा. दर बेडकामागे ४० लिटर पाणी, वर जड झाकण आणि घाण करण्याचा त्याचा वेग पाहता फिल्टरही मोठा लागतो. सदनिकेच्या बैठकीत हे सगळे पंधरा वर्षे सांभाळायची तयारी नसेल, तर त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

वैशाखाची परीक्षा

पाळीव प्राण्यांवरील इंग्रजी पुस्तके थंड देशांतील वाचकांसाठी लिहिलेली असतात. टाकीत हीटर कसा लावावा हे त्यांत तपशीलवार दिलेले असते. नागपूर, भंडारा किंवा चंद्रपूर येथील वाचकाचा प्रश्न नेमका उलटा आहे. बुटक्या बेडकाला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते, नखवाल्याला १८ ते २४. मे महिन्यात विदर्भातील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीतील चाळीस लिटर पाणी सहज ३३-३४ अंशांवर पोहोचते. पाणी जितके तापते, तितका त्यातील प्राणवायू घटतो आणि अमोनियाचा विषारीपणा वाढतो. वऱ्हाड-विदर्भात नखवाला बेडूक पाळण्याविरुद्ध हे एकच कारण पुरेसे आहे. तरीही दुकानांत पांढऱ्या पिल्लांना उठाव असतो, कारण ती दिसतात छान.

बुटक्या बेडकांचा उन्हाळा मात्र थोड्या कष्टात निभावतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, शक्यतो फरशीलगतच्या ठेंगण्या मेजावर ठेवावी. कूलर सुरू असलेल्या खोलीत झाकणाच्या जागी बारीक जाळी घट्ट बसवली, तर पाण्याचे बाष्पीभवन होऊन तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेले पाणी रोज भरून काढावे लागते, इतकेच. बर्फाचे तुकडे थेट पाण्यात टाकू नयेत. बंद बाटलीत बर्फ जमवून ती बाटली तरंगत ठेवावी आणि तापमान हळूहळू उतरू द्यावे. वीज गेली तर बेडूक माशांइतका लगेच संकटात येत नाही, कारण त्याला वरची हवा घेता येते. फिल्टरमधील जिवाणू मात्र काही तासांतच गुदमरू लागतात. भारनियमन लांबले तर त्या दिवशी खाद्य देऊ नये.

उन्हाळा सरला की डासांचे दिवस येतात आणि त्यासोबत आणखी एक धोका. डासनाशक वड्या, अगरबत्त्या, फवारे आणि पालिकेची धूरफवारणी यांतील कीटकनाशके पाण्यावर बसतात आणि बेडकाच्या कातडीतून आत जातात. फवारणीची गाडी गल्लीत आली की हवेचा पंप बंद करून टाकीवर ओले कापड टाकावे आणि खिडक्या लावून घ्याव्यात. अंगाला डासांचे मलम लावलेले हात पाण्यात घालू नयेत. हात घालण्यापूर्वी ते साध्या पाण्याने चांगले धुवावेत. काम झाल्यावर मात्र साबणाने. या दुसऱ्या धुण्यामागे गंभीर कारण आहे. २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेला जिवाणूची मोठी साथ पसरली. तिचा उगम घरोघरी पाळलेल्या बुटक्या आफ्रिकी बेडकांत असल्याचे आढळले. बाधितांत लहान मुलांची संख्या मोठी होती. बेडूक स्वतः आजारी दिसत नाही. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये आणि पाच वर्षांखालील मुलांना त्या पाण्यात हात घालू देऊ नये. बेडूक हातात घेऊन खेळण्याचा प्राणी नव्हेच. माणसाच्या कोरड्या, उबदार हाताने त्याच्या कातडीवरील संरक्षक चिकट थर निघून जातो.

कोणाशी जमते, कोणाशी नाही

नखवाल्याचे उत्तर एका वाक्यात संपते. त्याचे जमते ते त्याच्याच आकाराच्या नखवाल्याशी. कोरीडोरससारखा काटेरी मासा त्याने गिळला, तर काटा घशात अडकून दोघेही मरतात.

बुटक्याची अडचण वेगळी आहे. तो कोणाला खात नाही, त्याचेच खाणे इतर पळवतात. ब्लडवर्मचा गोळा टाकीत पडला की गप्पी आणि टेट्रा क्षणार्धात तो फस्त करतात. बेडकाला वास लागून तो हातपाय मारत पोहोचेपर्यंत तळ रिकामा झालेला असतो. मिश्र टाकीतील असंख्य बुटके बेडूक असे उपाशी मरतात आणि मालकाला वाटते, रोज तर खाद्य टाकत होतो! गोल्डफिश, एंजल, गुरामी आणि बार्ब यांच्यासोबत त्याला ठेवूच नये. यांतील काही त्याला टोचून हैराण करतात, तर काही गिळू शकतात. काच साफ करण्यासाठी सर्रास घेतला जाणारा सकर मासाही नको. तो मोठा होतो आणि रात्री बेडकाच्या अंगावरील चिकट थर खरवडतो. शांत स्वभावाचे लहान टेट्रा, थोडेसे गप्पी, गोगलगायी एवढ्यांशी त्याचे जुळते. सर्वांत सुखी टाकी मात्र निव्वळ बेडकांची.

खाद्य देण्याची एक सोपी रीत आहे. दिवाळीनंतर उरलेली, न रंगवलेली मातीची पणती स्वच्छ धुऊन टाकीच्या एका कोपऱ्यात ठेवावी आणि रोज त्याच वेळी लांब नळीने किंवा चिमट्याने खाद्य नेमके त्या पणतीत सोडावे. दोन आठवड्यांत बेडूक वेळेवर पणतीपाशी हजर होऊ लागतात. गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया आणि डॅफ्निया आलटून पालटून द्यावेत. पिल्लांना रोज, प्रौढांना दिवसाआड. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेले काढून घ्यावे. माशांचे तरंगणारे दाणेदार खाद्य त्यांना ओळखताच येत नाही. जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतो, पण तो सांडपाण्याच्या गाळातून गोळा केला जातो, हे ध्यानात ठेवावे. नखवाला खादाड असतो. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा, कीटकनाशक न फवारलेल्या मातीतील गांडूळ किंवा त्याच्यासाठीचे बुडणारे खाद्य पुरते. कोंबडी-मटणाचे तुकडे देऊ नयेत. त्यांत हाडांसाठी लागणारे कॅल्शियम नसते.

आजाराची चिन्हे ओळखता आली पाहिजेत. अधूनमधून अंगावरून पांढुरका पापुद्रा सुटतो आणि बेडूक तो खाऊन टाकतो; हे नैसर्गिक आहे, घाबरण्याचे कारण नाही. हातपाय पसरून पृष्ठभागावर निश्चल तरंगणे हीसुद्धा बुटक्याची विश्रांतीची पद्धत. पण मांड्या आणि पोटाची कातडी लालसर होणे, पोट फुग्यासारखे फुगणे, अंगावर कापसासारखी बुरशी येणे, सारखी कात टाकणे, खाणे सोडून कोपऱ्यात पडून राहणे या धोक्याच्या सूचना आहेत. लाल पायांच्या रोगामागे बहुधा एरोमोनास जातीचे जिवाणू असतात आणि त्यांना वाट करून देणारे असते ते खराब पाणी. अशा वेळी आजारी बेडूक वेगळ्या भांड्यात ठेवावा, मूळ टाकीचे पाणी तपासावे आणि पशुवैद्यकाला गाठावे. दुकानात मिळणारी माशांची निळी-हिरवी औषधे स्वतःच्या बुद्धीने ओतू नयेत. त्यांतील तांबे आणि मॅलाकाइट ग्रीन माशाला सोसते तेवढे बेडकाला सोसत नाही. उभयचरांवर उपचार करणारे पशुवैद्यक आपल्याकडे थोडे आहेत, तेव्हा प्राणी आणण्यापूर्वीच अशा एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक शोधून ठेवलेला बरा. नव्याने आणलेला बेडूकही निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा.

तलावात सोडू नये

हौस फिटली, बदली झाली, बेडूक फार मोठा झाला किंवा त्याने पिल्ले घातली, की ‘जीवदान’ म्हणून त्याला जवळच्या तलावात सोडण्याचा विचार पुढे येतो. नखवाल्याची एक मादी शेकडो अंडी घालते, त्यामुळे हा प्रसंग कल्पनेतला नाही. सोडणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अमेरिकेतून आलेली लाल कानांची कासवे आपल्याकडील अनेक शहरांच्या तलावांत पोहोचली, ती अशाच सद्हेतूने. दक्षिण आफ्रिकेतील नखवाला बेडूक कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल आणि सिसिली येथे मोकळा झाला, वाढला आणि तेथील बेडकांची अंडी व पिल्ले फस्त करू लागला.

विदर्भाच्या उन्हाळ्यात तो तगणार नाही, असे कोणी म्हणेल. पावसाळ्यापासून फाल्गुनापर्यंतचे पाणी मात्र त्याला मानवणारे आहे आणि काही दिवसांचा मुक्कामही दुसऱ्या एका गोष्टीला पुरतो. ‘काय्ट्रिड’ नावाची सूक्ष्म बुरशी उभयचरांच्या कातडीत घर करते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी ती ओळखली. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत तिने बेडकांच्या अनेक जाती संपवल्या आहेत. नखवाला बेडूक ही बुरशी अंगावर बाळगूनही धडधाकट राहू शकतो. ती जगभर नेण्यात उभयचरांच्या व्यापाराचा मोठा वाटा आहे. भारतात २०११ साली पश्चिम घाटातील बेडकांवर तिची नोंद झाली आणि पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील सह्याद्रीतही ती आढळली. आपल्याकडे तिने अद्याप सामूहिक मृत्यू घडवल्याची नोंद नाही. येथील बेडकांचे या बुरशीच्या स्थानिक प्रकारांशी जुळलेले असावे, असा एक अंदाज आहे. परदेशी टाकीतून नवा, अधिक जहाल प्रकार आणून तो पडताळून पाहण्याची गरज नाही.

आंबागडच्या परिसरात हे नुकसान कोणाचे होईल? पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. पुढे ते मालगुजारांकडे आले आणि १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच मामा तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. धानाला पाणी आणि ढीवर समाजाला मासळी याच तलावांतून मिळते. त्यांच्या काठाशी पृष्ठभागावरून टप्पे घेत पळणारा ‘स्किटरिंग’ बेडूक असतो. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन निळ्या गलफुग्यांनी साद घालणारा बैल बेडूकही तेथेच. बांधीतील किडींवर जगणारे हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार. त्यांच्या पायांचा परदेशी व्यापार इतका वाढला होता, की १९८७ साली भारताने बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली.

याच कारणाने, ‘विकतचा नको तर तलावातलाच आणू’ हा मार्गही बंद समजावा. रानातील बेडूक पकडून घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. शिवाय बैल बेडकाला काचपेटी मानवत नाही. तो काचेवर नाक आपटून घेऊन जखमी होतो. मुलांना देशी बेडूक दाखवायचाच असेल, तर जुलैतील एखाद्या रात्री टॉर्च घेऊन बांधावर नेणे अधिक चांगले.

नको झालेला पाळीव बेडूक दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा. अंडी नको असतील तर ती दिसताच काढून गोठवून टाकावीत. टाकीचे जुने पाणी, वाळू आणि वनस्पती नाल्यात किंवा विहिरीत टाकू नयेत. पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळून ते तासभर ठेवावे आणि मग सांडपाण्याच्या नळीत सोडावे. वाळू कडक उन्हात पूर्ण वाळवावी. मेलेला बेडूक पाण्यापासून दूर खोल पुरावा.

आता इतके सारे करून बुटके बेडूक पाळायचेच असे ज्यांनी ठरवले असेल, त्यांनी खरेदीची वेळ साधावी. टाकी दिवाळीनंतर मांडावी, ती महिना-दीड महिना रिकामी चालवावी आणि संक्रांतीच्या सुमारास बेडूक आणावेत. थंडीच्या रात्री पाणी २२ अंशांखाली उतरत असेल, तेथे तेवढ्या दिवसांपुरता छोटा हीटर लावावा. चैत्र उजाडेपर्यंत बेडूक पणतीपाशी यायला शिकलेले असतात, नर असेल तर रात्री पाण्याखालून त्याची मंद गुणगुण ऐकू येऊ लागते आणि कूलरला गवताच्या नव्या पट्ट्या लावण्याची वेळ झालेली असते.